हो, मी सिगारेट ओढत होते

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. मी पंचवीसेक वर्षं सिगारेट ओढली. चारचौघांत, ऑफिसच्या मागच्या जिन्याखाली, पुरुष सहकाऱ्यांच्या बरोबरीनं. गेल्या वर्षी माझ्या डाव्या फुप्फुसाभोवती पू झाला आणि मी मरता मरता वाचले. हे ऐकून ज्यांच्या मनात "बाईमाणसानं ओढल्यावर दुसरं काय होणार" असं आलं, त्यांच्यासाठी मी लिहीत नाहीये. ज्यांच्या बरगड्यांत आत्ता नळी घातलेली आहे आणि उशाशी बसलेले नातेवाईक हळू आवाजात त्यांचा न्यायनिवाडा करतायत, त्यांच्यासाठी लिहितेय.

माझं नाव वंदना. गिरगावात वाढले आणि आई गेल्यापासून तिथल्याच चाळीतल्या दोन खोल्यांत एकटी राहते. फोर्टातल्या एका विमा कंपनीत क्लार्क म्हणून लागले. नोकरीइतकाच वेळ युनियनला दिला. आता आमच्या युनियनची सेक्रेटरी आहे.

जिन्याखाली

मी नोकरीला लागले तेव्हा युनियनच्या मीटिंगा वरच्या हॉलमध्ये व्हायच्या. बायका पुढच्या रांगेत बसायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायच्या. निर्णय मात्र तिथे होत नसत. ते आधीच मागच्या जिन्याखाली, सिगारेटी ओढताना झालेले असायचे. हे मला कळायला वर्ष लागलं.

मग एक दिवस मी तिथे जाऊन उभी राहिले. एक सीनियर म्हणाला, मॅडम, इथे स्मोकिंग चाललंय. त्याच्या शेजारी सावंत होता, लालबागचा, माझ्याच बॅचचा, गिरणी कामगाराचा मुलगा. मी सावंतच्या हातातल्या पाकिटातून एक सिगारेट काढली आणि पेटवली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. महिन्याभरात त्यांना माझी सवय झाली आणि मला सिगारेटची.

त्या जिन्याखाली मी बदल्यांवर भांडले, बायकांच्या रजांवर भांडले, जिंकले. आमच्या नात्यात जिनं सिगारेट ओढली अशी मी पहिली बाई, आणि त्याचा मला अभिमान होता. ते माझं बंड होतं. हे मी लाजून सांगत नाहीये. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

निदानाचा दिवस

शेवटची दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी मला खोकला धरायचा. एकदा धरला की पिच्छा सोडायचा नाही. मी ऑफिसच्या एसीला बोल लावला, गिरगावात जिकडेतिकडे चाललेल्या खोदकामाच्या धुळीला बोल लावला. गेल्या वर्षी ताप आला. आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरला आणि पुन्हा चढला. डाव्या कुशीत कळ येत होती. चाळीचा जिना चढताना पहिल्याच मजल्यावर बसावं लागलं, तेव्हा शेजारणीनं माझ्या धाकट्या भावाला, दिनेशला, फोन केला. तो दादरहून टॅक्सी घेऊन आला आणि मला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला.

एक्स-रेमध्ये डावी बाजू पांढरीफटक दिसत होती. छातीच्या डॉक्टर म्हणजे डॉ. पारकर, तिशीतली मुलगी. तिनं मला टेबलावर ओणवं बसवलं आणि पाठीतून सुई घातली. सिरिंज बाहेर आली ती मी मान वळवून पाहिली. पाणी असेल असं वाटलं होतं. आत दाट, पिवळट पू होता.

"मावशी, न्यूमोनिया झालाय आणि त्याचा पू फुप्फुसाच्या बाहेर साठलाय," ती म्हणाली. "नळी घालून काढावा लागेल. आजच."

मी तिला सांगितलं की मला मावशी म्हणू नका, वंदना म्हणा. मग विचारलं, कॅन्सर आहे का. तसं काही दिसत नाही म्हणाली. टीबी? तपासायला पाठवते म्हणाली. पुढे तोही नाही निघाला. मग मी विचारलं किती दिवस लागतील, कारण पगारवाढीच्या वाटाघाटी तोंडावर आल्या होत्या.  तिनं विचारलं, सिगारेट?

दिनेशनं मान खाली घातली. मी म्हटलं, हो, रोज एक पाकीट, कधी जास्त. आता व्याख्यान सुरू होणार म्हणून मी तापातही उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं ते लिहून घेतलं आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का ते विचारलं. माझं उत्तर तसंच तोंडात राहिलं.

नळी आणि बाटली

छातीत नळी घालतात ते दुखतं. गुंगीचं इंजेक्शन देतात, तरी दुखतं. कोणी नाही म्हणालं तर विश्वास ठेवू नका. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत असतं. त्या बाटलीत बुडबुडे येतात आणि तुम्ही दिवसभर ते बघत पडता. बाथरूमला जाताना बाटली हातात धरून जायचं, कमरेच्या वर उचलायची नाही. पहिल्या दिवशी मी ती ओढणीखाली झाकली. दुसऱ्या दिवशी झाकणं सोडून दिलं. बघायचं त्यांनी बघावं.

सकाळी फरशी पुसायला वॉर्डबॉय मामा येत, मग चहा, मग राउंड, मग फिजिओथेरपीवाली मुलगी. तिच्याकडे प्लॅस्टिकचं एक खेळणं होतं, तीन नळ्यांत तीन चेंडू. नळीनं श्वास आत ओढायचा की चेंडू वर चढतात. माझा एकच चढायचा, तोही अर्धा. भर सभेत माइकशिवाय बोलणारी मी, आणि मला एक चेंडू उचलवत नव्हता.

डावा हात वर होत नव्हता, त्यामुळे केसांचा गुंता झाला होता. शेजारच्या पलंगावरच्या बाईची थोरली बहीण तिच्या सोबतीला होती, शीव कोळीवाड्याची, मासळी विकणारी. ती दोन दिवस माझ्याकडे बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी फणी घेऊन आली. न विचारता माझ्या मागे बसून तिनं गुंता सोडवला. वेणी घालताना म्हणाली, तू बिडी वढतेस म्हनं? मी म्हटलं, सिगारेट. ती म्हणाली, माझी सासू चिलीम वढायची, आणि वेणीला गाठ मारली. त्या सगळ्या दिवसांत त्या विषयावर मला कुणी बोललेलं सर्वांत बरं वाक्य तेच होतं. त्यानंतर तिची बहीण घरी जाईपर्यंत ती रोज माझी वेणी घालत होती.

मेधा

दिनेशची बायको मेधा रोज दुपारी दादरहून डबा घेऊन यायची. पेज, मुगाची खिचडी, कधी फोडणीचं वरण. स्वतःची नोकरी, दहावीतली मुलगी, हे सगळं सांभाळून यायची. एका दुपारी आमची मावसबहीण भेटायला आली होती. मी डोळे मिटून पडले होते. मेधा तिला म्हणाली, "स्वतःच ओढवून घेतलंय त्यांनी. निस्तरायचं मात्र आम्ही."

मी डोळे उघडले. म्हटलं, "मेधा, दिनेश कॉलेजपासून चाळिशीपर्यंत ओढत होता. त्याला टायफॉइड झाला तेव्हा असं म्हणाली होतीस?"

 मावसबहीण उठून गेली. दुसऱ्या दिवशी मेधा आली नाही. दिनेश हॉटेलातली इडली घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की ताई, ती पहाटे उठून तुझा डबा करते, मग ऑफिस, मग इथे, मग घर. एवढंच म्हणाला. दिनेश कमी बोलतो.

मी पडल्या पडल्या विचार करत राहिले. जादा कामाच्या मोबदल्यावर मी किती भाषणं दिली असतील. मेधाचं जादा काम डब्यातून रोज माझ्यासमोर येत होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दोन दिवसांनी ती आली. डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "मी बोलले ते चुकीचं होतं. पण मी थकलेय, हे खोटं नाही."

"दोन्ही मान्य," मी म्हटलं. त्या दिवसापासून आमचं बरं चाललं. डबा दिवसाआड झाला आणि मधल्या दिवशी मी हॉस्पिटलचं जेवण जेवू लागले. ते इतकं काही वाईट नसतं.

माझ्याच पेशी

नळीतून पू यायचा कमी झाला, पण ताप पुन्हा चढला. अँटिबायोटिक बदललं, मग पुन्हा बदललं. मी वैतागले होते. आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकांना न्यूमोनिया झाला होता, ते आठवड्याभरात गोळ्यांवर बरे होऊन भाजी आणायला बाहेर पडले होते. एका संध्याकाळी डॉ. पारकर आली तेव्हा मी तिला विचारलं की माझ्या शरीरात लढणारं कोणी आहे की नाही.

तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

ती म्हणाली की श्वासनळीला आतून बारीक केस असतात, ते कफ आणि कचरा वर ढकलत असतात. धुरानं ते मंदावतात, लुळे पडतात. म्हणून जंतू खाली फुप्फुसात पोचतो. तिथे त्याला गिळून मारणाऱ्या पेशी असतात.

"त्या माझ्या कमी झाल्यात?" मी विचारलं.

"उलट. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांत त्या जास्त असतात," ती म्हणाली. "धुराची घाण साफ करायला आलेल्या असतात ना. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तर त्यांच्या पोटात काजळी भरलेली दिसते, तपकिरी. जंतू समोर आला तरी त्यांना तो नीट गिळता येत नाही, गिळला तर नीट मारता येत नाही. दुसऱ्या पेशींना मदतीला बोलावण्याचं कामही बिघडतं."

धुरात असं काय असतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, एक गोष्ट नसते, शेकडो रसायनं असतात. ज्याची चटक लागते ते निकोटीनसुद्धा या पेशींना ढिलं करतं. धुरानं डोळे चुरचुरतात ते ज्यामुळे, त्यातलं एक ॲक्रोलीन, तेही त्यांना निकामी करतं. डोळे निदान चुरचुरून तक्रार करतात, फुप्फुसं करत नाहीत.

मग ती म्हणाली की तुम्हालाच हा आजार का झाला ते मी सांगू शकत नाही. कधीही न ओढणाऱ्यांनाही होतो. ओढणाऱ्यांना होण्याची शक्यता जास्त असते आणि त्यातून उठणं जड जातं, इतकंच नक्की. सोडली तर या पेशी काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारू लागतात. सगळं नुकसान मात्र भरून येत नाही.

ती गेल्यावर मला अपराधी वाटायला हवं होतं म्हणे. माझ्या नात्यातल्या निम्म्या लोकांची तशी इच्छा होती. मला प्रचंड राग आला. माझ्या छातीत लढणाऱ्यांची कमी नव्हती. त्यांना गुंगी देऊन बसवून ठेवलं होतं, आणि त्या गुंगीचे पैसे मीच रोज पानवाल्याला मोजत होते. ज्याला मी बंड म्हणत होते, त्यानं माझ्याच लढणाऱ्यांचे हात बांधले होते, आणि कुठल्यातरी कंपनीचा नफा वाढत होता. मालकानं आमच्या माणसांशी असं केलं असतं तर मी गेटवर जाऊन बसले असते.

त्या संध्याकाळी मी सिगारेट सोडली. तशी ती हॉस्पिटलात सुटलेलीच होती, पण ती सक्तीनं. आता मी सोडली. मेधासाठी नाही, डॉक्टरसाठी नाही, बाईला शोभत नाही म्हणून तर मुळीच नाही.

ऑपरेशन

पू सुकून फुप्फुसाभोवती जाड साल धरली होती, त्यामुळे फुप्फुस फुलत नव्हतं. सर्जन म्हणाले, साल सोलून काढावी लागेल. दुर्बिणीतून जमलं तर ठीक, नाहीतर छाती उघडावी लागेल. संमतीच्या कागदावर माझी मीच सही केली. दिनेशनं पेन पुढे केलं होतं, मी माझं घेतलं.

आदल्या दिवशी सावंत भेटायला आला. "काय गो, कसा वाटता आता?" म्हणत पलंगाच्या कडेला टेकला. त्याच्या शर्टाला धुराचा वास होता. मी रागानं सिगारेट सोडली होती, पण शरीराला ते माहीत नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हात त्याच्या खिशाकडे गेला. मी हात मागे घेतला आणि त्याला म्हटलं, मी सिगारेट सोडलीय, इथून जा, शर्ट बदलून ये. त्याला आधी गंमत वाटली. मग माझा चेहरा बघून तो उभा राहिला.

"तू सोडलंस म्हणजे मी पण सोडूचा?" त्यानं विचारलं.

"तुझं तू ठरव. माझ्याजवळ येताना धुऊन ये."

तो गेला. मग मी रडले. ऑपरेशनच्या भीतीनं रडले, आणि पंचवीस वर्षांच्या मित्राला दारातून परत पाठवलं म्हणून रडले. धीट बाईलाही भीती वाटते. मला तर दात वाजेपर्यंत वाटत होती. सकाळी स्ट्रेचरवरून नेताना दिनेश माझ्या पायाचा अंगठा धरून लिफ्टपर्यंत चालत आला. 

दुर्बिणीतून जमलं. शुद्धीवर आल्यावर पहिला खोल श्वास घेतला तेव्हा कुणीतरी करवत चालवल्यासारखं वाटलं. पुढचे आठ-दहा दिवस मी सगळ्यांवर ओरडत होते, नर्सवर, मेधावर, फिजिओवाल्या मुलीवर. दुखणं होतं आणि तलफही होती, कुठलं कुठे संपत होतं ते कळत नव्हतं. तुम्ही सोडणार असाल तर हे धरून चाला. आपण वाईट वागतो, मग माफी मागतो, मग पुन्हा वाईट वागतो. हळूहळू ते कमी होतं. फिजिओवाली मुलगी माझं ओरडणं संपेपर्यंत थांबायची आणि ते चेंडूचं खेळणं पुन्हा हातात द्यायची. दुसरा चेंडू चढला त्या दिवशी तिनं वॉर्डभर सांगितलं.

परत ऑफिसात

काही आठवडे दादरला दिनेशकडे राहिले. मग गिरगावात माझ्या घरी आले. शेजारच्यांनी बजावलं की एकटीनं राहू नकोस. मी राहिले. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि विचारणाऱ्याला सांगायचे, दम खातेय, बाकी काही नाही. डॉ. पारकरनं सांगितल्याप्रमाणे न्यूमोनियाची आणि फ्लूची लस घेतली. जवळजवळ अर्ध्या वर्षानं ऑफिसात गेले.

संध्याकाळी मागच्या जिन्याखाली गेले. सगळ्यांना आनंद झाला, सावंतला सर्वांत जास्त. पण धूर होता, आणि मला त्यात उभं राहणं शक्य नव्हतं. मी मागे सरकत सरकत झाडाच्या कुंडीपाशी पोचले. तिथून काही ऐकू येत नव्हतं. बोलणं लांबत गेलेल्या वाटाघाटींचं चाललं होतं हे हातवाऱ्यांवरून समजत होतं. पंचवीस वर्षांनी मी पुन्हा बाहेरची झाले होते.

मी तिथूनच मोठ्यानं सांगितलं की यापुढे इथे काहीही ठरलं तर त्यावर सेक्रेटरीची सही होणार नाही. चर्चा वर हॉलमध्ये होईल, सगळ्यांसमोर.

कुरबुर झाली. एकजण मायेनं म्हणाला की ताई, तुम्ही मोठ्या दुखण्यातून उठलाय, वर्षभर विश्रांती घ्या, तोवर दुसरं कोणी बघेल. मी त्याला म्हटलं, माझी फुप्फुसं माझ्या डॉक्टरवर सोड. सावंत मात्र चिडला. माझ्यापाशी आला, येताना सिगारेट विझवून आला हे मी पाहिलं.

"तुझ्या छातीसाठी आता युनियन बदलूची काय?" तो म्हणाला.

"माझ्या छातीसाठी नाही. मला तुमच्यात यायला सिगारेट पेटवावी लागली होती, सावंत. आता दुसऱ्या कुणाला पेटवावी लागू नये."

तो परत जिन्याखाली गेला.

पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये बैठक झाली. मला वाटलं होतं, कोणी येणार नाही. खुर्च्या कमी पडल्या. जिन्याखाली कधीच न फिरकलेल्या मुली आल्या, अकाउंट्समधले दम्याचे कुलकर्णी आले, जे इतकी वर्षं फक्त वर्गणी देत होते. सावंत उशिरा आला आणि दाराजवळ बसला.

मी ठराव मांडला की वाटाघाटींत आधी पगारवाढ धरून ठेवायची, बाकीचं नंतर. तन्वी नावाची क्लेम्स विभागातली मुलगी उठली. मी तिला जेमतेम ओळखत होते. ती म्हणाली, ताईंबद्दल आदर आहे, पण आमच्या विभागात संध्याकाळी आठच्या आधी कोणी घरी जात नाही. आधी कामाचे तास, मग पगार. मी तिला तीन मुद्द्यांनी उत्तर दिलं, मध्ये न थांबता, एका दमात. तिनं तिन्ही मुद्दे खोडले. मग कुलकर्णी बोलले, मग आणखी दोन मुली. इतकी माणसं आमच्या युनियनमध्ये बोलताना मी कधी ऐकली नव्हती.

हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूनं थोडेच हात वर होते, त्यात दाराजवळचा सावंतचा एक. माझा ठराव पडला. सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच. सगळे माझ्याकडे बघत होते, आता या बाईला काय वाटेल म्हणून. मला हसू फुटलं. हसताना ऑपरेशनची बाजू ओढली गेली, चांगलंच दुखलं. म्हटलं, दुखू दे.